पॅसेंजरने जबलपूरला

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबा पॅसेंजरच्या बाजूचे आणि मी मेलच्या. आईला कुठलीही गाडी चालणार होती, फक्त ताईचं बाळंतपण व्हायच्या आत जबलपूर गाठायचं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही कल्याणला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा कसाऱ्याच्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनात मास्तर होते आणि मी ठाण्याला एका बँकेत नुकती चिकटले होते. ताई माझ्याहून मोठी. तिला जबलपूरला दिलेलं, भाऊजीही रेल्वेतले, तिथल्या पार्सल ऑफिसात. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी आणायचा प्रश्नच मिटला. घरात सासू नव्हती. ताईने एकदा भाऊजींच्या ऑफिसातून बाबांच्या स्टेशनात फोन लावून घेतला आणि एवढंच म्हणाली, "आईला पाठवा ना लवकर, मला भीती वाटते." ताई मुळात कशाला घाबरणारी नव्हती. लहानपणी मी झुरळाला किंचाळायचे आणि ती ते चप्पलने मारून माझ्या उशाशी ठेवायची. त्यामुळे तिचं ते वाक्य आईने घरी आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलं की मला ते ऐकवेना.

अडचण आईच्या हृदयाची होती. लहानपणी तिला सांधेताप झालेला आणि त्यात हृदयाची एक झडप अरुंद झालेली. बाजारातून पिशवी घेऊन आली की ओट्याला टेकून उभी राहायची आणि कोणी बघितलं तर भांडी लावतेय असं दाखवायची. त्या महिन्यात तिला बारीक ताप येऊ लागला होता. कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी रक्त घेऊन डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये पाठवलं. त्या रक्तात जंतू वाढतात का हे बघायचं होतं, म्हणून रिपोर्टला वेळ लागणार होता. आईला बाहेर बाकावर बसवून त्यांनी बाबांना आणि मला आत बोलावलं.

"झडपेला जंतू धरले असतील तर काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी तर जाऊ नका असंच म्हणेन. जायचंच असेल तर एक लक्षात ठेवा. दम लागला तर तासाभरात ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळालं पाहिजे."

डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'जाऊ नका' दुसऱ्या कुणीही ऐकलं असतं. बाबांनी 'तासाभरात' ऐकलं. माणूस आयुष्यभर गाड्यांत राहिलेला, त्याने त्या एका शब्दाचे लगेच किलोमीटर केले. घरी येऊन चपला काढायच्या आधी त्यांनी टाइमटेबल मागितलं.

आम्हाला रेल्वेचा पास होता, म्हणजे जायचं कुठून आणि मध्ये उतरायचं कुठे एवढंच आपण ठरवायचं. पासावर मार्ग लिहून मिळतो, वाटेत मुक्काम करायची सोय मिळते. सुट्टीत आम्ही पासाचे बेत आखायचो तेव्हा घरात मजा असायची. बाबा टाइमटेबल वाचायचे, ताई अशक्य मार्ग सुचवायची, आई दशम्या कुठल्या स्टेशनला सोडायच्या ते ठरवायची. या वेळी तेच टाइमटेबल, तोच ओटा, आणि कोणी हसत नव्हतं.

बाबांचा हिशेब सरळ होता. रात्रीची मेल दुसऱ्या दिवशी जबलपूरला पोचवते खरी, पण मध्ये तासन् तास पळत सुटते. त्या वेळात आईला काही झालं तर? पॅसेंजर दर चार घरांपाशी थांबते. शिवाय इगतपुरी, मनमाड, भुसावळ, इटारसी या सगळ्या ठिकाणी रेल्वेचे दवाखाने आहेत. दिवसाच प्रवास करायचा, रात्री दवाखाना असलेल्या गावात मुक्काम करायचा, सकाळी पुढची पॅसेंजर धरायची.

"तिसऱ्या दिवशी कुठे इटारसी येईल," मी म्हटलं. "मेलने एक झोप काढली की झालं. जितका वेळ गाडीत, तितका धोका जास्त, हे कळत नाही का?"

"मेल थांबत नाही."

"साखळी असते ना."

"साखळी ओढून काय करशील? जंगलात उतरवशील तिला?" बाबा टाइमटेबलवरून मान वर न करता म्हणाले. "अगं, गाडी थांबते तिथे माणूस उतरवता येतो. एवढं साधं आहे."

"आणि ताई? ती वाट बघतेय तिचं काय?"

"तिला अजून महिना आहे."

मी रागाने भांडी आपटली. मला बाबांचा तो शांतपणा सोसत नसे. स्टेशनात चिडलेल्या माणसांशी मास्तर म्हणून बोलायची त्यांची जी पद्धत होती, तीच ते घरात वापरायचे. आईने बाहेरून हाक मारली, "ठरलं का तुमचं? मी लाडू कधी बांधू ते सांगा म्हणजे झालं."

निघायच्या आदल्या दिवशी ठाण्याहून मामा आला. आईचं माहेर ठाण्याच्या खाडीलगतच्या कोळीवाड्यातलं. मामाने ताईसाठी सुके बोंबील, सोडे असं कापडात बांधून आणलं होतं. त्याने आईकडे एकदा बघितलं आणि पुडकं तसंच हातात धरून उभा राहिला.

"गो बाय, तुझा रंग काय झालाय," तो म्हणाला. "नको जाऊस. पोरीला मी जाऊन घेऊन येतो हवं तर."

"तिला हलवायची नाही म्हणून तर मी चालल्ये. तू बस, चहा घे."

मामाने चहा घेतला नाही. मला जिन्यापाशी बोलावून म्हणाला, "मेलनं ने गो तिला, झटकन. आमच्यात आजारी माणसाला घेऊन होडी काढतात तेव्हा बंदर बंदर करत नाही बसत." मी म्हटलं, मामा, हे तू बाबांना सांग. तो सांगायला गेला आणि बाबांनी त्याला टाइमटेबल उघडून दाखवलं. मामाला वाचता येत होतं पण टाइमटेबल नाही. तो मान हलवत निघून गेला.

बाबांनी आणखी एक बंदोबस्त केला होता. स्टेशनातल्या फोनवरून त्यांनी पुढच्या सगळ्यांना कळवून ठेवलं होतं, की अमुक दिवशीच्या पॅसेंजरमध्ये आमची मिसेस आहे, हार्ट पेशंट आहे, लक्ष असू द्या. रेल्वेच्या माणसाला रेल्वे कधी परकी वाटत नाही. एका स्टेशनाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने कंट्रोलला, म्हणजे सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसला, आणि कंट्रोलने पुढच्यांना. या फोनाफोनीची आमच्या घरात थट्टाही चालायची. एकदा बाबांनी लासलगावहून थोडे कांदे मागवले होते, तर निरोप जाता जाता असा फुगला की मास्तरांकडे लग्न आहे म्हणून पोतंच येऊन पडलं. आम्ही महिनाभर कांद्याची भाजी खाल्ली. बाबा तेव्हा म्हणालेले, निरोप चुकला तरी पोचला ना?

निघालो त्या सकाळी आई दारातून बाहेर पडली आणि समोरच्या काकूंनी दात घासता घासता विचारलं, "कुठे निघालात सगळे?"

आई थांबली. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये हे त्या काकूंनाही माहीत होतं, त्यांनी जीभ चावली. आई घरात परत आली, खुर्चीवर बसली, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा निघाली. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवशी मी तिच्या पाठीमागे उभी राहून तिचं पाणी पिऊन होईपर्यंत वाट बघितली आणि त्या काकूंचा मला आजही राग येतो.

गाडीत आई खिडकीशी बसली. बाबा तिच्या समोर, मी शेजारी. कसाऱ्यापर्यंत गाडी रमतगमत गेली. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका चढत होत्या, उतरत होत्या, आईशी बोलत होत्या. तिला ते आवडत होतं. क्वार्टर्सच्या भिंतींपेक्षा तिला तिथे मोकळा वारा होता आणि तिचा चेहरा खरंच उजळला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बघ म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं.

मग इगतपुरीला पहिला माणूस आला. पांढऱ्या कपड्यातला, काखेत हिरवं-लाल निशाण. खिडकीशी आला, बाबांना नमस्कार केला, आईकडे नीट बघितलं आणि विचारलं, "ठीक आहे ना वहिनी?" आई म्हणाली, ठीक आहे. तो गेला. पुढच्या स्टेशनात आणखी एक जण आला. नाशिकला दोघे आले. एकाने तर काही विचारलंच नाही, नुसता खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला, आईकडे बघत, आणि गाडी हलली तसा मागे सरला. हाफ चड्डीतल्या एका रेल्वे खलाशाने तिला हात जोडले.

"हे सगळे मला बघायला का येतायत?" आईने विचारलं.

"ओळखीचे आहेत," बाबा म्हणाले.

"तुमच्या ओळखीचे आहेत तर तुमच्याकडे बघायला हवं."

डब्यातल्या बायकाही आता आईकडे वेगळ्या नजरेने बघू लागल्या होत्या. मघापासून आईला शेंगा देणाऱ्या एका म्हातारीने हात आवरता घेतला आणि जरा लांब सरकून बसली. शेवटचं बघून घ्यायला येतात तसे येत होते ते, आणि ते बाबांच्या प्रेमानेच येत होते. मला त्या लोकांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की जा, आपलं काम करा. पण त्यांचं हेच काम बाबांनी सांगितलं होतं.

आणि मध्येच कुठेतरी, नावही न वाचता येणाऱ्या स्टेशनात, गाडी बाजूच्या रुळावर घेऊन उभी करायचे. मागून मेल येतेय, तिला पुढे काढायची आहे. आम्ही बसून राहायचो. उन्हात डबा तापायचा. तिथे दवाखाना नव्हता, साधं चहाचं दुकान नव्हतं, फक्त एक बाभूळ आणि तिच्याखाली एक शेळी. मग लांबून हॉर्न यायचा, रूळ कुरकुरायचे, आणि एखादी लांब पल्ल्याची गाडी आमच्या खिडक्या हलवत, धुळीचा लोट उडवत निघून जायची. तिच्यात झोपलेल्या माणसांचे पाय क्षणभर दिसायचे.

"ही कुठे जाते?" आईने एकदा विचारलं.

"जबलपूरवरूनच जाते," मी म्हटलं. बाबांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं.

बाबा पाण्याची सुरई भरायला उतरले होते. परत आल्यावर म्हणाले, "तासाभरात सुटेल." स्टेशन मास्तरला हे कोणी सांगायला नको होतं की पॅसेंजर ही सगळ्यांना वाट देत जाणारी गाडी. जन्मभर त्यांनी स्वतःच्या हाताने पॅसेंजरी बाजूला घेतल्या होत्या आणि मेल पुढे सोडल्या होत्या. टाइमटेबलमधल्या थांब्यांचा त्यांनी हिशेब धरला, आणि टाइमटेबलमध्ये नसलेल्या थांब्यांचा धरला नाही. मला ते तेव्हा बोलून दाखवायचं होतं. आईपुढे बोलता येत नव्हतं.

पहिला मुक्काम मनमाडला झाला, दुसरा भुसावळला. दोन्हीकडे स्टेशनातच खोली मिळाली. आईचा ताप उतरलेला होता. भुसावळला सकाळी तिने गरम पाण्याने आंघोळ केली, केस मोकळे सोडून उन्हात बसली आणि म्हणाली, "बरं झालं ग पॅसेंजरने आलो. मला वाटलं होतं त्याहून बरं वाटतंय." मला आनंद झाला होता आणि बाबा बरोबर ठरले याचा थोडा रागही आला होता.

इटारसीकडे जाणारी पॅसेंजर लागली होती. आई फलाटावर ट्रंकेवर बसून संत्रं सोलत होती. तेवढ्यात गर्दीतून स्टेशनातले एक साहेब झपाझप चालत आले. त्यांच्या मागे स्ट्रेचर घेतलेले दोन हमाल आणि पांढऱ्या साडीतली नर्स.

"कल्याणकडचे मास्तर तुम्हीच ना? हार्ट पेशंट कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. बाबांनी आईकडे बोट दाखवलं. साहेबांनी बाबांना बाजूला घेतलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"कंट्रोलवरून निरोप आहे. मदर सिरियस. मास्तरांना कळवा, ताबडतोब बघा."

बाबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "रिपोर्ट आला वाटतं."

डोंबिवलीचा रिपोर्ट. मलाही तेच वाटलं. दुसरं काय वाटणार? रक्तात जंतू निघाले, कल्याणच्या डॉक्टरांनी बघितलं, आणि आमच्या मागे निरोप धाडला. बाबांनी सगळ्या लाइनला हार्ट पेशंट हार्ट पेशंट सांगून ठेवलं होतं. निरोप बरोबर त्या पेशंटपर्यंत पोचला होता.

आई म्हणाली, "अहो, मी चालते की." पण तिला आडवं केलं. संत्र्याच्या फोडी तिच्या मुठीत तशाच होत्या. माणसं गोळा झाली, कोणीतरी बाजूला व्हा, हवा येऊ द्या म्हणून ओरडलं. स्ट्रेचर जिन्यावरून नेताना आईने डोळे मिटून घेतले आणि मला वाटलं, आता उघडणार नाही. आमची पॅसेंजर आम्हाला न घेता सुटली.

भुसावळच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, छातीचा आलेख काढला. डॉक्टर वयाने तरुण होते. त्यांनी पुन्हा पुन्हा छातीला नळी लावून बघितलं आणि म्हणाले, "झडपेचा त्रास आहेच, पण आत्ता तसं काही वाटत नाही. तरी निरोप आलाय म्हणजे काहीतरी असणार. हलवू नका." बाबा कल्याणला फोन लावायला स्टेशनात गेले. सुट्टीचा दिवस होता. कल्याणला हॉस्पिटलात डॉक्टर नव्हते, होते त्यांना रिपोर्टचं माहीत नव्हतं. लाइन मिळायची, तुटायची, पुन्हा मिळायची. दुपारची जबलपूरकडची एक्स्प्रेस आली आणि गेली. ती आम्हाला वॉर्डात ऐकू आली.

व्हरांड्यात बाबा भेटले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मेलने गेलो असतो तर आज ताईकडे असतो आपण."

"मेलने गेलो असतो तर हा निरोप आपल्याला कुठे मिळाला असता?" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाजात कुठेतरी समाधान होतं. आपण हिला थांबवून धरलं, दवाखान्याच्या दारात धरलं, असं ते समाधान होतं. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

मी आईजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. मी तिच्याकडे कशी बघत होते कोण जाणे, कारण तिने तोंडावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली.

"माझ्याकडे अशी काय बघतेस?"

"काही नाही."

"काही नाही काय? सकाळपासून मला झोपवून ठेवलंय. मला काही होत नाहीये. कोणी सांगितलं मी सिरियस आहे म्हणून?"

मी सांगितलं नाही. बाबा आले तेव्हा तिने त्यांना विचारलं. त्यांनी इकडचं तिकडचं सांगितलं. आई उठून बसली. नर्स धावत आली, तिला आईने हातानेच थांबवलं.

"अहो, मला नीट सांगा. निरोप काय होता? शब्द काय होते?"

बाबांनी शेवटी सांगितलं. "मदर सिरियस. मास्तरांना कळवा, ताबडतोब बघा. एवढंच."

आईने पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाली, "मदर? तुमची आई तर कधीच गेली."

"तुझ्याबद्दल आहे ते."

"माझ्याबद्दल तुम्हाला निरोप द्यायचा तर वाइफ म्हणतील. तुमच्या मिसेस म्हणतील." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दवाखान्यात मदर कोणाला म्हणतात हो? बाळंतिणीला म्हणतात. बाळ बरं आहे, मदर बरी आहे, असं सांगतात. मला दोन्ही वेळेला तसंच म्हणायच्या नर्सा."

बाबा खाटेच्या कडेवर बसले.

"ताईचं आहे ते," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं आहे ते."

सगळ्यांना एकदम कळलं आणि कोणाला हलता येईना. जबलपूरच्या दवाखान्यातून भाऊजींनी सांगितलेला निरोप लाइनवरून स्टेशन स्टेशन करत आला होता. कुठे तरी त्यातलं जबलपूर गळलं होतं, बाळ गळलं होतं, 'निघून या' गळलं होतं, आणि उरलेलं बाबांनी वाटेत सांगून ठेवलेल्या हार्ट पेशंटला नेमकं येऊन चिकटलं होतं. एरवी दुसऱ्या कुठल्या कुटुंबाला तो निरोप तारेने गेला असता, उशिरा गेला असता, पण त्यात कोण आजारी आहे ते लिहिलेलं असतं.

बाबा धावत स्टेशनात गेले. मी त्यांना आयुष्यात तेवढं एकदाच धावताना बघितलं. जबलपूर लागलं नाही. इटारसीने जबलपूरला विचारून परत सांगितलं, ते फक्त 'लवकर या' एवढंच. आईने स्वतःची ट्रंक उचलायला हात घातला. डॉक्टर म्हणाले, सही द्यावी लागेल. आईने सही केली, आणि दवाखान्याचा जिना अशी उतरली की मी मागे राहिले.

रात्रीची मेल धरली. तिच्यात जागा होती. आम्ही तिघं एका बाकावर बसून राहिलो. गाडी फार वेगाने पळत होती, मध्ये जवळजवळ कुठे थांबत नव्हती, आणि आईला दम लागला नाही. बाबांनी वाटेत एकदाही टाइमटेबल उघडलं नाही. डोंबिवलीचा तो रिपोर्ट आम्हाला नंतर मिळाला. त्यात काही नव्हतं. माझं म्हणणं बरोबर होतं हे पुढे नातेवाइकांत कोणी कोणी बोलून दाखवलं, तेव्हा मी उठून आत गेले. बरोबर असण्याचा मला त्या वेळेइतका तिटकारा कधी आला नाही.

जबलपूरला सकाळी उतरलो. भाऊजी फलाटावर उभे होते, सोबत त्यांच्या ऑफिसातले दोघे. त्यांना बघितल्यावर बाबा डब्याच्या दारातच थांबले, मागच्या माणसांनी त्यांना ढकललं तरी उतरेनात. आई आधी उतरली. ती सरळ भाऊजींपाशी गेली.

"मुलगी झाली," भाऊजी म्हणाले. "बाळ बरं आहे. हॉस्पिटलात आहे." मग त्यांनी तोंड फिरवलं. ऑफिसातल्या एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"परवा रात्री कळा सुरू झाल्या. काल पहाटे बाळ झालं आणि मग रक्त थांबेना. दिवसभर शुद्धीवर होती. सारखी विचारायची, आई कुठवर आली. मी स्टेशनात माणूस पाठवायचो. सकाळी सांगितलं भुसावळ. दुपारी पण भुसावळ. मग कळलं तुम्ही तिथे अ‍ॅडमिट आहात." ते आईकडे बघत होते. "तिला कसं सांगणार मी, आई अ‍ॅडमिट आहे म्हणून? संध्याकाळी पुन्हा विचारलं तेव्हा खोटंच सांगितलं. म्हटलं, इटारसी सुटली, आता येतातच."

आई म्हणाली, "मग?"

"मग म्हणाली, मला जरा बसतं करा. केलं, आणि माझ्या हातावरच गेली."